कुरोतानीची म्हातारी

विषय : कुरोतानी खोऱ्याचे समग्र वर्णन तयार करणे. तसेच, भातपेरणीची तारीख पुढे नेण्याबाबत खोऱ्यातील बावीस घरांचा अर्ज.

संदर्भ : किल्ल्यातील कचेरीचा हुकूम. सर्व गावांनी तिसऱ्या महिन्याच्या वीस तारखेस भाताचे बी टाकावे.

सोबत : समन्स एक. न बजावता परत.

“पण ही म्हातारी आहे तरी कोण?” मासाकिचीनं विचारलं.

एनकाई गुरुजी मुळ्याच्या लोणच्यावरचा दगड दोन्ही हातांनी उचलत होते. दगड बाजूला ठेवून त्यांनी पिंपात डोकावून पाहिलं, वास घेतला, आणि दगड पुन्हा होता तिथं ठेवला.

“अजून आठ दिवस,” ते म्हणाले.

मासाकिची हा किल्ल्यातल्या कचेरीचा कारकून. जपानच्या उत्तरेकडच्या डोंगरांत कुरोतानी नावाचं एक खोरं आहे. तिथली माणसं वर्षातले पाच महिने बर्फाखाली काढतात आणि उरलेले सात बर्फाच्या तयारीत. या खोऱ्याची घरं, माणसं, डोंगर, नद्या, पिकं, इतिहास असं सगळं लिहून आणायला त्याला पाठवलं होतं. उतरायला दुसरी जागा नव्हती, म्हणून तो मठात राहिला. मठात गुरुजी एकटेच असत.

पहिल्याच दिवशी त्यानं “मला शिष्य करून घ्या” असं म्हटलं होतं. त्या काळी किल्ल्याच्या गावात बरा कारकून म्हटला की त्याला एक गुरू असायचाच.

“काय काय येतं?” गुरुजींनी विचारलं होतं.

मासाकिचीनं यादी सांगायला घेतली. यादी संपेपर्यंत गुरुजींचा डोळा लागला. त्यांनी नकार दिला नाही, तेव्हा कचेरीच्या रिवाजाप्रमाणे ही मंजुरीच, असं मासाकिचीनं धरलं.

बारा दिवसांत त्यानं सत्तर पानं लिहिली होती. लढाईत हरलेल्या बाजूचे सात जण लपायला म्हणून इथं आले आणि गाव वसलं. हिवाळ्यात खालचं दार बर्फात बुजतं, तेव्हा माणसं माडीच्या खिडकीतून ये-जा करतात. बायका तागाचं कापड विणून वसंतात बर्फावर पसरतात, म्हणजे ते पांढरंशुभ्र होतं. सगळं नीट, मुद्देसूद. अडलं होतं ते एका म्हातारीपाशी.

“गावात कुणालाही विचारा, पेरणी कधी? उत्तर एकच. म्हातारी उठली की! म्हातारीला विचारल्याशिवाय ही माणसं मूठभर बी टाकत नाहीत. वीस तारीख तीन दिवसांवर आलीय, गुरुजी. बी पडलेलं मी डोळ्यांनी पाहायचं आणि तसा दाखला पाठवायचा, असा मला हुकूम आहे. नाही पडलं तर गावप्रमुखाला बांधून न्यावं लागेल.”

“यासोबेईला?”

“यासोबेईला.”

“जाड आहे तो,” गुरुजी म्हणाले. “दोरी जास्त लागेल.”

पायरीवर ओसुगी तागाचा दोरा वळत बसली होती. वय सत्तर, दात चार, आणि ते चारही ती हसताना दाखवत असे. मासाकिचीनं तिच्याकडे संशयानं पाहिलं.

“ती म्हातारी तूच ना?”

“मी?” ओसुगीच्या हातातला दोरा तुटला. “अहो साहेब, मी कोंबड्याच्या आधी उठते! माझ्यावर थांबले असते तर यांची पेरणी माघातच झाली असती.”

मासाकिचीनं बाहीतून कागद काढला. समन्स त्यानं सकाळीच लिहिलं होतं, कचेरीच्या वहीत त्याची नोंद करून नक्कलही धाडली होती. ‘कुरोतानीची म्हातारी, वय अज्ञात, हिने मठात समक्ष हजर राहून, पेरणीस अडथळा का केला, याचा खुलासा करावा.’

गुरुजींनी कागद दोनदा वाचला. मग ओसुगीला वाचून दाखवला. ओसुगीला वाचता येत नव्हतं, तरी तिनं तो हातात घेऊन एकदा पाहिलाच. असला कागद पुन्हा कधी बघायला मिळणार…

“अक्षर सुंदर आहे,” गुरुजी म्हणाले. “उद्या सकाळी आपण दोघं जाऊ. तूच बजाव.”

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी त्याला गावाच्या वरच्या अंगाला नेलं. तिथं एक तळं आहे. पेरणीआधी बी भिजत घालायचं ते याच तळ्यात. बावीस घरांची बावीस पोती खुंटाला बांधून पाण्यात सोडलेली होती. काठावर पाच-सहा माणसं उभी होती आणि सगळी उत्तरेकडे पाहत होती. आत कुणी आजारी असलं की बंद दाराकडे पाहतात, तशी.

मासाकिचीनंही पाहिलं. समोर डोंगर. सगळा पांढरा.

“घर कुठाय तिचं?”

“ते बघा साहेब, वरती,” ओसुगी म्हणाली. “काळा ठिपका दिसतोय ना? तो अंबाडा.”

“अंबाडा?”

“बर्फ वितळायला लागलं की खालचा काळा खडक उघडा पडतो. आधी अंबाडा. मग मान. मग वाकलेली कंबर. कंबर दिसली की म्हातारी उठली म्हणायचं, आणि बी टाकायचं. हात दिसला की लावणी. आज नुसता अंबाडा आहे. झोपलीय अजून.”

मासाकिचीचे कान लाल झाले.

“हा तर डोंगर आहे!”

“हो,” गुरुजी म्हणाले. “वाच समन्स.”

काठावरची माणसं एकदम आपापल्या पायांकडे पाहू लागली. यासोबेईच्या खांद्यांना हुंदके दिल्यासारखे झटके बसत होते, पण तो रडत नव्हता.

मासाकिची मुकाट्यानं मागं फिरला असता तर गोष्ट इथंच संपली असती. पण तो शिकलेला होता. त्यानं घसा साफ केला.

“गुरुजी, बर्फ उन्हानं वितळतं. ऊन सूर्याचं. सूर्य कुठं आहे ते पंचांगात असतं. तारीख पंचांगातून काढलीय, आणि खालच्या एकशे चाळीस गावांनी ती मानलीय. यात डोंगराला विचारायचं काय?”

“यंदा अधिक महिना कधी?”

“सातव्या महिन्यानंतर.”

“म्हणजे आज पंचांग मोसमाच्या पुढं पळतंय.”

“पंधरा-सोळा दिवस… पण हुकूम तारखेचा आहे.”

“बरं,” गुरुजी म्हणाले. “मोजे काढ. पाण्यात उतर.”

मासाकिची उतरला. पाणी गुडघ्यापर्यंत होतं. त्याचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

“आज तारीख काय?” गुरुजींनी काठावरून विचारलं.

“अ… अठरा.”

“थांब जरा.”

…

“आता तारीख काय?”

“अठ… अठरा!”

“थांब.”

…

“आता?”

मासाकिचीचे दात वाजत होते. त्यानं शेजारच्या पोत्याकडे पाहिलं. भिजून फुगलेलं, खुंटाला बांधलेलं, त्याच्यासारखंच.

“मा… माहीत नाही.”

“हे वर्णनात घाल,” गुरुजी म्हणाले, आणि हात देऊन त्यांनी त्याला वर ओढलं.

ओसुगीनं डोक्याचं फडकं सोडून त्याचे पाय गुंडाळले आणि खसाखसा चोळले. “दोन्ही आहेत ना बघा, साहेब. येताना दोन आणले होते.”

दुपारी चुलाणाशी बसून तो पाय शेकत होता. गुरुजींनी एक जुनी वही त्याच्यापुढं ठेवली. खोऱ्यात मेलेल्यांची नावं घरवार लिहून ठेवायची मठाची वही.

“तुझ्या वर्णनात घरं किती?”

“बावीस.”

“सव्विसावं पान काढ.”

मासाकिचीनं काढलं. एकाच वर्षाची नावं पाच पानं चालली होती. आधी तान्ही मुलं, मग म्हातारे, मग सगळेच. त्याला मोजायची सवय होती. ज्यांत कुणीच उरलं नव्हतं अशी घरं त्यानं मोजली, मग पुन्हा मोजली.

“त्या आधी छत्तीस होती,” तो म्हणाला.

“हो.”

“काय झालं होतं त्या वर्षी?”

“काही नाही. हुकूम आला होता.” गुरुजींनी चुलाणात लाकूड सारलं. “तारखेला पेरलं सगळ्यांनी. गार चिखलात बी कुजलं. दुसरं बी नव्हतं.”

…

“माझी आजी तेव्हा नवी नवरी,” ओसुगी दाराशी बसून म्हणाली. तिचा हात दोरा वळतच होता. “सासऱ्याचं न ऐकता तिनं एक पिशवी बी उशीत शिवून ठेवलं. सासरे गेले, दीर गेले. घरात उपास, आणि ही डोक्याखाली बी घेऊन झोपायची. म्हातारी उठल्यावर तिनं ते पेरलं. आज तळ्यात भिजतंय ना साहेब, ते सगळं त्या उशीतलं.”

मासाकिचीनं ती पाच पानं पुन्हा चाळली. अक्षर चांगलं होतं. शेवटच्या पानावर मात्र ओळी वाकड्या गेल्या होत्या.

“गुरुजी, बी पडलं असा दाखला मी देऊन टाकला असता,” तो हळूच म्हणाला. “पण खोटं लिहिता येत नाही मला. हाताला सवय नाही.”

“मग खरं लिही.”

“खरं लिहिलं तर यासोबेईला बांधतील.”

गुरुजी पिंपाकडे गेले, दगड उचलला, वास घेतला, दगड ठेवला.

मासाकिचीनं बाहीतलं समन्स बाहेर काढलं. चुरगळलेलं, एका कोपऱ्यावर भिजलेलं. तो त्याच्याकडे पाहत राहिला, आणि अकरा वर्षांच्या नोकरीत कधी आली नव्हती अशी एक गोष्ट त्याच्या डोक्यात आली. समन्स निघालं की प्रकरण चौकशीवर जातं. आणि चौकशी पुरी होईपर्यंत मूळ हुकमाची अंमलबजावणी करता येत नाही. कचेरीचा हा नियम इतका जुना होता की तो का केला, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

त्यानं शाई उगाळली. समन्सच्या पाठीवर लिहिलं :

‘समन्स घेऊन समक्ष गेलो. सदर वृद्धा झोपेतून उठलेली नाही. ती उठण्यापूर्वी खुलासा घेणे शक्य नाही. करिता चौकशी चालू ठेवून बावीस घरांच्या अर्जाचा विचार व्हावा.’

गुरुजींना वाचून दाखवलं.

“यात खोटं काय आहे?” गुरुजींनी विचारलं.

“काही नाही.”

“मग हात का कापतोय?”

“पाय गार आहेत अजून,” मासाकिची म्हणाला.

वीस तारीख आली आणि गेली. कुणी बी टाकलं नाही. यासोबेईनं मात्र बायकोकडून जाड पायमोजे शिवून घेतले. बांधून नेलं तर वाटेत थंडी असेल, असा त्याचा हिशोब. एकवीस तारखेला दिवसभर बर्फ पडलं आणि म्हातारीचा अंबाडाही दिसेनासा झाला.

चोवीस तारखेला कचेरीचं उत्तर आलं. मासाकिचीनं ते तळ्याच्या काठावर सगळ्यांसमोर वाचलं.

‘सदर वृद्धा आजारी आहे काय? असल्यास वैद्याचा दाखला जोडावा. दाखला येईपर्यंत हुकूम तहकूब. अर्ज विचाराधीन.’

यासोबेई मटकन खाली बसला. नवे मोजे काढून त्यानं मासाकिचीला दिले. मासाकिचीला दोन्ही पायांना मिळून त्यातला एकच पुरला असता.

“वैद्य कुठून आणायचा?” कुणीतरी विचारलं.

“कशाला?” ओसुगी म्हणाली. “पाच-पाच महिने बर्फात झोपते. आपल्या सगळ्यांपेक्षा ठणठणीत आहे.”

पुढच्या महिन्याच्या सहा तारखेला उजाडताच ओसुगी मठाच्या पायऱ्या दोन-दोन चढत आली. सत्तराव्या वर्षी.

“उठली! गुरुजी, उठली! साहेब, चला!”

मासाकिची अनवाणीच बाहेर धावला. डोंगराच्या पांढऱ्या कुशीत काळी कंबर वाकली होती. अंबाडा, मान, पाठ. ती त्याला आता इतकी स्पष्ट दिसली की अठरा तारखेला आपण काय पाहत होतो, असं त्याला वाटलं.

दुपारपर्यंत खोऱ्यात घरात कुणी राहिलं नव्हतं. पोती तळ्यातून वर आली. वाफ्यांत बी पडू लागलं. मासाकिचीनं बाह्या बांधल्या आणि मांडीपर्यंत चिखलात उतरला. त्याच्या मुठीतलं बी वाफ्यापेक्षा ओसुगीच्या अंगावर जास्त पडत होतं.

“साहेब, माझ्यावर नाही उगवणार आता काही,” ती म्हणाली.

गुरुजी बांधावर बसून लोणच्याच्या फोडी वाटत होते. आठ दिवसांचे अठरा झाले होते, पण लोणचं जमलं होतं.

एवढ्यात किल्ल्याहून निरोप्या आला. घामाघूम. त्याच्या हातात पत्र. मासाकिचीनं हात पाण्यात बुचकळले, अंगरख्याला पुसले, आणि पत्र उघडलं.

‘वैद्याचा दाखला अप्राप्त. वृद्धेने कोणत्या तारखेस उठावयाचे ठरविले आहे, ते तिच्या सहीने सात दिवसांत कळवावे. अन्यथा बावीस घरांचा अर्ज नामंजूर समजण्यात येईल.’

मासाकिचीनं ते बांधावर नेऊन गुरुजींना दाखवलं. निरोप्या उत्तरासाठी थांबला होता. चिखलात बायका गात होत्या.

“काय लिहू, गुरुजी?”

गुरुजींनी मुळ्याची फोड आधी निरोप्याला दिली. मग मासाकिचीला. मग स्वतः एक खाल्ली. ती चावून होईपर्यंत दोघं थांबले…

“लिही,” ते म्हणाले. “म्हातारी शेतावर गेली आहे. अर्ज तसाच राहू द्यावा.”