एका ठोक्याची जागा

झाडांनाही गाणं कळायचं, त्या काळची गोष्ट. तळ्याकाठच्या रानात पिल्लांचा एक वाद्यवृंद होता. त्यात एकच जागा उरली होती, फांदीला टांगलेली झांज वाजवायची. तिचा ठोका सगळ्या गाण्यात एकदाच पडायचा, कोकिळेची लांब तान थांबली की लगेच.

परीक्षा घ्यायला मोठ्या बाकदार चोचीचे म्हातारे धनेशआजोबा बसले. माकडाच्या पोराला धीर धरवेना. तान अर्ध्यावर असतानाच त्यानं दणका दिला. खारीची पोर आपल्याकडं कोण कोण बघतंय ते बघत राहिली आणि वेळ टळून गेली.

मग बगळ्याचा धवळू पुढं आला. एक पाय पोटाशी घेऊन, डोळे अर्धे मिटून झांजेसमोर उभा राहिला.

"आजोबा, ह्या ढोंग्याला कशाला घेता?" माकडाचं पोर ओरडलं. "ह्यांच्या घरात सगळेच असं ध्यान लावून बसतात!"

धवळूची मान खाली गेली.

"तू तुझ्या घरी उभा राहतोस तसाच उभा राहा, बाळा," धनेशआजोबा म्हणाले.

तान सुरू झाली. वर गेली, वळली, लांबतच गेली. धवळूचं पीससुद्धा हललं नाही.

"झोपला वाटतं," खारीची पोर कुजबुजली.

तान थांबली आणि त्याच क्षणी धवळूची चोच झांजेवर पडली. ठण्ण! सगळं रान दचकलं, मग खूश होऊन हसायला लागलं. "घेतला रे घेतला!" म्हणत आजोबांनी पंख फडफडवले.

तळ्यातले मासे तेवढे दचकले नाहीत. धवळू एका पायावर उभा राहिला, तेव्हाच ते मुकाट्यानं खोल पाण्यात निघून गेले होते.