सुभेदारांची पगडी

एका खाडीकाठच्या गावात धाकू नावाचा एक भोळा तरुण होता. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. आम्हा दुकानदारांचा जुना नियम आहे, गिऱ्हाईकाला दोनदा सांगावं. धाकूला एकदाही सांगू नये.

त्याचं लग्न जमत होतं. मुलीचे वडील राणोजी समोरच्या जलदुर्गावर तोफा डागणारे गोलंदाज. बायकामुलांसह तिथंच राहायचे. धाकू नारळ घेऊन होडीने गेला.

राणोजी म्हणाले, "आज हाताखाली काम कर. धड वागलास तर सुभेदारांसमोर साखरपुडा."

"बरं मामा."

बारुदीचं कोठार अंधारं. दिसावं म्हणून धाकूने आत पलिता पेटवला. राणोजींनी झेप घेऊन त्याच्यावर घागर रिकामी केली.

"मेल्या, किल्ला उडवशील! जळतं दिसलं की आधी पाणी ओत!"

"बरं मामा."

स्वयंपाकघरात चूल जळत होती. धाकूने हंडा ओतला. चूल विझली, सासूबाईंचे घावन पोहायला लागले.

"कुठून धरून आणलंत हे ध्यान?" सासूबाई कडाडल्या.

राणोजींनी कपाळ बडवलं. "चुलीवर पाणी ओततात का? निखारा काळा पडला तरी फुंकणीने फुंकावा. काळं दिसलं की फुंक!"

"बरं मामा."

बुरुजावर ओल लागलेली बारूद उन्हात पसरून वाळवलेली. काळीकुट्ट. धाकूने गाल फुगवून फुंकणी लावली. निम्मी बारूद समुद्रात.

राणोजी रडकुंडीला आले. "अरे, हलकी वस्तू वाऱ्यावर ठेवायचीच नाही. तोफेत घालावी, वरून गजाने ठासावी. मग बघू कुठला वारा उडवतो!"

"बरं मामा," म्हणत धाकूने उरलेली बारूद तोफेत ठासली. यावेळी अगदी बरोबर. राणोजींना वाटलं, पोरगा सुधारला.

तेवढ्यात सुभेदार आले. पायऱ्या चढून घामाघूम. जरीची पगडी काढून त्यांनी तटावर ठेवली आणि समुद्राकडे तोंड करून मान पुसू लागले. राणोजी पाठमोरे बसून बत्ती पेटवत होते.

वारा सुटला. पगडी हलली. धाकूने बघितलं.

"सुभेदारांना सलामी!" राणोजींनी बत्ती लावली.

धडाम!

धुरातून जरीच्या जळत्या चिंध्या लाटांवर उतरल्या. सुभेदारांनी डोकं चाचपलं. मग तट चाचपला.

"राणोजी, आमची पगडी?"

राणोजींनी धाकूकडे पाहिलं. धाकूच्या हातात गज होता.

साखरपुड्याचा नारळ परत होडीत गेला. मागोमाग धाकू. होडी लांब गेली तरी तो हात हलवून ओरडत होता,

"मामा! पण वाऱ्याने नाही हो उडाली!"