भिंगाखालचं दही

तांबडगडच्या रायाजीराजांनी भर दुपारी हुकूम सोडला: राज्यातलं सगळं दही आणि सगळं विरजण उद्या दिवस मावळायच्या आत नदीत ओता!

झालं होतं असं, की एका परदेशी व्यापाऱ्याने राजांना एक भिंग नजर केलं होतं. डोळ्याला न दिसणारं त्यात दिसायचं. राज्यकारभार गेला बाजूला आणि महाराज एक डोळा मिटून सापडेल ते बघत सुटले. एकदा त्यांनी गटाराच्या पाण्याचा थेंब पाहिला, तर त्यात इवले इवले जीव! काही गोल, काही काडीसारखे लांब. दरबारचे शास्त्रीबुवा हौशी. त्यांनी गोलांचं एक कूळ केलं, लांबांचं दुसरं. राजांना ही वाटणी भलतीच पसंत पडली. मग जेवताना त्यांनी वाटीतलं दही भिंगाखाली धरलं. त्यातही तेच लांब जीव! गटारातलं कूळ आपल्या ताटात आलं म्हणून महाराज भरल्या ताटावरून उठले.

मुदपाकखान्यात दही लावायचं काम भिवराकडे होतं. तिचं विरजण माहेरचं. आजच्या दह्यातलं चमचाभर मागे ठेवायचं, त्यानेच उद्याचं दूध विरजायचं, असं ते तिच्या आजीपासून चालत आलेलं. एकदा नदीत गेलं की कायमचं गेलं. भिवराला आधी रडू आलं, मग राग आला. पदर खोचून ती थेट दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, गटारातले वेगळे आणि माझ्या दह्यातले वेगळे."

"दिसायला तर सारखे आहेत," राजे म्हणाले.

"आपल्या कोतवालांना झुपकेदार मिशा आहेत. परवा पकडलेल्या दरोडेखोरालाही तशाच आहेत. मग दोघांना एका कोठडीत का नाही ठेवलंत?"

कोतवालांचा हात मिशीवरून खाली आला. राजांना हसू येत होतं, पण हट्ट सुटत नव्हता. ते म्हणाले, "माणसाला विचारता येतं, बाई. हे जीव ना नाव सांगत, ना गाव. उद्या सकाळपर्यंत त्यांच्याकडून त्यांची ओळख वदवून घे. नाही जमलं, तर पहिली तुझी दह्याची बुडकुली नदीत!"

भिवराने तापवून कोमट केलेलं दूध मागवलं आणि राजांनाच ते दोन वाट्यांत ओतायला लावलं. एकीत दह्याचा थेंब, दुसरीत गटाराचा, तेही राजांच्याच हाताने. वाट्यांवर झाकणं घातली, झाकणांवर राजांची मोहर उमटली, आणि दोन्ही वाट्या चुलीच्या उबेला ठेवल्या.

सकाळी राजांनी स्वतः मोहरा फोडल्या. पहिल्या वाटीत दही असं लागलं होतं, की वाटी कलती केली तरी हलेना. दुसरीचं झाकण निघालं मात्र, प्रधानजी नाकाला उपरणं लावून खिडकीशी गेले.

"शास्त्रीबुवांनी त्यांचं रूप पाहिलं, ते बरोबरच केलं," भिवरा म्हणाली. "पण नुसत्या रूपावर कूळ ठरत नाही. मी त्यांना दूध दिलं आणि ते त्याचं काय करतात ते पाहिलं. त्यांनी आपली ओळख आपणच दिली की नाही?"

शास्त्रीबुवांनी खुशीने मान डोलावली. राजांना मात्र हार मानवत नव्हती. ते पुढे झुकले. "असं का? मग कामावरून आमचंही कूळ सांग. आम्ही कुठल्या वाटीतले?"

भिवराने दोन्ही वाट्यांकडे पाहिलं, मग राजांकडे.

"महाराज, कालपासून साऱ्या राज्याच्या दुधाची नासाडी चालली आहे. तेव्हा आत्ता तरी दुसऱ्या वाटीतले. हुकूम मागे घेतलात, की पहिल्या."

राजे असे खदखदून हसले, की भिंग मांडीवरून घसरलं. ते त्यांनी उचललं आणि भिवराच्या ओंजळीत ठेवलं. "हे आता तुझं. शास्त्रीबुवा रूप बघतील, तू काम बघ, आणि दोघं मिळून कुळं लावा. बरं, ती पहिली वाटी इकडे दे आधी. कालपासून उपाशी आहे मी!"