एका पंगतीची खिचडी

सज्जनहो, मुक्ताराम महाराज त्या काळी कुसुंबवाडीला मुक्कामाला होते. गावात खंडोबाचे चांगले देऊळ होते, ओवऱ्या होत्या, पण महाराज तिथे राहिले नाहीत. गावाबाहेर शाळेला लागून एक दगडी ओटा होता, त्यावर त्यांनी पथारी टाकली. लोकांनी कारण विचारले तेव्हा महाराज हसून म्हणाले, "देवळातला देव जेवला की नाही, ते कळत नाही. इथले देव ताट पुसून खातात."

शाळेत तेव्हा मुलांना शिजवलेले अन्न मिळू लागून फार काळ झाला नव्हता. त्याआधी तांदूळ घरी नेण्यासाठी वाटत असत. तो कधी मुलाच्या पोटात जाई, कधी दुसऱ्याच कुणाच्या. मग शाळेतच चूल पेटू लागली. तांदूळ आणि डाळ सरकारातून येत, गावातल्याच बाया शिजवत, आणि मधल्या सुट्टीत प्रत्येक मुलाला ताट मिळे. त्याबद्दल कुणाकडून काही घ्यायचे नाही आणि तुझ्या घरी काय आहे, काय नाही, हेही विचारायचे नाही, अशी ती रीत. पण वस्तीवरची मुले पहाटे निघून चालत येत, ती दुपारपर्यंत कशी तग धरणार? म्हणून महाराज रोज झोळी घेऊन गावात फिरत आणि मिळेल त्या धान्याच्या घुगऱ्या करून प्रार्थनेआधी मुलांच्या ओंजळीत घालत. भुकेल्या पोटी पाटीवरचे अक्षर हलते. ज्याने ते अनुभवले आहे त्याला हे सांगावे लागत नाही.

चूल सांभाळायला सुंद्राबाई होती. नवरा गेलेला, जमीन नाही, मूलबाळ नाही. महाराजांवर तिची फार श्रद्धा, पण ती कधी ओट्याशी येऊन बसली नाही. महाराजांनी तिला सांगितले होते की तुझी पूजा चुलीपाशीच पोचते. त्यामुळे तिने ते काम पूजेसारखेच धरले होते. तिथे एक नियम होता. अन्न शिजले की आधी स्वयंपाकिणीने, मग गुरुजींनी, मग कुणातरी मुलाच्या आईने ते चाखायचे, जरा थांबायचे, आणि मगच मुलांना वाढायचे. सुंद्राबाईने हा नियम एकदाही चुकवला नाही. ताप आला होता त्या दिवशीसुद्धा जिभेला चव नाही म्हणून तिने शेजारणीला बोलावून चाखायला लावले.

शाळेच्या समितीचे प्रमुख होते यादवराव खराडे. गाव त्यांना दादासाहेब म्हणे. माणूस वाईट नव्हता, सज्जनहो. देणारा हात होता, पण दिलेले चारचौघांत दिसावे अशी हौस होती. त्यांना शाळेची खिचडी आवडत नसे. ज्यांच्या घरी चूल पेटत नाही त्यांनी खुशाल खावी, पण आमच्या घरच्या लेकरांनी फुकटाच्या ताटाला का बसावे, असे ते म्हणत. त्यांची नात शालन त्याच शाळेत होती. ती घरून डबा आणी आणि व्हरांड्यात वेगळी बसे. तिचे पाहून आणखी चार घरची मुले वेगळी बसू लागली. मग व्हायचे तेच झाले. खिचडी खाणारा तो गरीब, हे मुलांना कळू लागले. वस्तीवरच्या दोन मोठ्या मुली ताट आले की "भूक न्हाई" म्हणून उठू लागल्या. सुंद्राबाईने हे महाराजांच्या कानावर घातले.

चंपाषष्ठी जवळ आली. दादासाहेबांचा खंडोबाला नवस होता, तो फेडायचा होता. आदल्या दिवशी त्यांनी जाहीर केले की यंदा शाळेच्या मुलांना जेवण आमच्याकडून, आमच्या भांड्यांत, आमच्या आचाऱ्याच्या हातचे. आणि चार लोकांसमोर सुंद्राबाईला म्हणाले, "तू एक दिवस बघ, जेवण कशाला म्हणतात ते. मग पुढं या चुलीचं काय करायचं ते समितीत ठरवू. आमचा आचारी रिकामाच असतो."

सुंद्राबाईचा चेहरा उतरला. तिला ताटापुरते कुठेही मिळाले असते, पण ती चूल गेली तर तिची पूजाच जाणार होती. तरी तिने धीर करून विचारले की मुलांच्या आधी चव कोण घेणार.

दादासाहेब लोकांकडे वळून हसले. "ऐकलंत का? देवाच्या आधी ही चाखणार! बाई, नवसाचं अन्न आहे ते. तुझं उष्टं खंडोबाला दाखवू का?"

लोकही हसले. नैवेद्याआधी अन्नाला जीभ लावायची नाही, हे आपल्याकडे लहान मूलही जाणते. त्यामुळे तिच्या बाजूने बोलणार कोण? ती ओट्यापाशी आली आणि खाली बघत उभी राहिली. महाराजांनी सगळे ऐकून घेतले.

"माय," महाराज म्हणाले, "उद्या तुझं रोजचं काम चुकवू नकोस. जमेल तेवढी खिचडी टाक."

सणाच्या दिवशी शाळेचे तांदूळ काढायचे नाहीत असे ठरले होते. म्हणून दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या घरातले तांदूळ आणि मूगडाळ आणली आणि शाळेमागच्या चुलीवर लहान पातेलीत खिचडी चढवली. एका घराला पुरेल एवढी.

इकडे शाळेचे अंगण सारवून, रांगोळी घालून सजले होते. दादासाहेबांनी माळ्यावरची मोठी पितळी भांडी काढवली होती. थोरल्या लेकाच्या लग्नानंतर ती खाली उतरली नव्हती. गड्यांनी ती बाहेरून चिंच लावून अशी घासली की उन्हात बघवत नव्हती. पहाटेपासून त्यांत भात, चिंचेची आमटी आणि दह्यातले भरीत करून ठेवले होते. मुलांच्या दोन पंगती मांडल्या. एक ओळ सतरंजीवर, घरून डबा आणणाऱ्यांची. दुसरी जमिनीवर, बाकीच्यांची. नैवेद्य दाखवला, घंटा वाजली, आणि वाढप्यांनी घाईघाईने भातावर आमटी ओतली.

तेवढ्यात महाराज आले आणि जमिनीवरच्या ओळीच्या शेवटी मांडी घालून बसले. दादासाहेबांना फार आनंद झाला. त्यांनी स्वतःच्या हाताने महाराजांना वाढले.

महाराज मुलांना म्हणाले, "बाळांनो, अजून हात लावू नका. आधी माझं होऊ द्या."

मुले हात मांडीवर ठेवून बसली. महाराजांनी आमटीची वाटी उचलली आणि शांतपणे पिऊन टाकली. पुन्हा मागितली, तीही प्यायले. तिसरी वाटी भरून घेतली आणि ती दादासाहेबांपुढे धरली.

"दादा, नैवेद्य झालाय. आता चाखायला हरकत नाही. घ्या एक घोट."

दादासाहेबांनी कौतुकाने वाटी तोंडाला लावली आणि त्यांचे तोंड आक्रसले. जिभेवर पितळ चाटल्यासारखी तुरट, कडू चव पसरली. त्यांनी तो घोट बाजूला थुंकला. दुसऱ्यांदा नुसते बोट लावून पाहिले. तीच चव.

आता सज्जनहो, घडले होते ते असे. पितळी भांड्याला आतून कल्हई लागते. ती गेली आणि आंबट पदार्थ भांड्यात राहिला की तो कळकतो, पोटात गेला तर माणसाला आडवे करतो. भांडी बाहेरून झळकत होती, आतली कल्हई केव्हाच उडाली होती. घरच्या बायांना एका घोटात कळले असते. पण नैवेद्याचे अन्न म्हणून पहाटेपासून त्याला कुणी जीभच लावली नव्हती.

दादासाहेबांनी वाटी खाली ठेवली. समोर शालन बसली होती, तिच्या भातावर तीच आमटी होती.

"महाराज, तुम्ही तर दोन वाट्या..." दादासाहेब म्हणाले.

"माझं राहू द्या," महाराज म्हणाले. "मुलांची पानं उचला."

महाराजांना त्या दिवशी काही झाले नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. ते विष त्यांच्या ठायी कसे विरले, ते त्यांनाच ठाऊक.

पाने उचलली गेली. भातही त्याच भांड्यांतला, म्हणून त्याचीही कुणाला खात्री देववेना. मुले रिकाम्या जागेसमोर बसून राहिली. सणाच्या जेवणासाठी कित्येकांनी सकाळच्या घुगऱ्याही घेतल्या नव्हत्या. लहानगी चुळबुळू लागली, एक मुलगी रडू लागली. दादासाहेब हात जोडून म्हणाले, "महाराज, माझ्या नवसाच्या दिवशी लेकरं उपाशी उठणार. माझं तोंड राहिलं नाही."

महाराजांनी सुंद्राबाईला हाक मारली. ती पातेली घेऊन आली, पण लाजून मागेच उभी राहिली. म्हणाली, "म्हाराज, ही माझ्या घरापुरती हाय वो. एवढ्या लेकरांच्या जिभंलासुदिक लागायची न्हाई."

"चाखलीस?"

"व्हय. गुर्जींनीबी चाखली."

"मग घरच्या माणसाने चाखायची राहिली." महाराजांनी दादासाहेबांकडे पाहिले. "तुम्ही शालनचे आजोबा. हात पुढे करा."

सुंद्राबाईच्या हातून तळहातावर पडलेला तो घास दादासाहेबांनी सगळ्या गावासमोर खाल्ला. साधी मुगाची खिचडी, वर मिठाचा नेमका हात. ते खाली बघत खात राहिले.

महाराजांनी खांद्यावरचे उपरणे पातेलीवर टाकले. "माय, आत बघू नकोस. वाढत राहा. पण एक सांगतो," ते दोन्ही ओळींकडे वळून म्हणाले, "दोन पंगतींना ही पुरायची नाही. एका पंगतीला पुरेल."

 मग दादासाहेब स्वतः पुढे झाले. त्यांनी सतरंजी गुंडाळून भिंतीशी ठेवली, शालनचा हात धरला आणि "भूक न्हाई" म्हणणाऱ्या त्या दोन मुलींच्या मधोमध तिला जमिनीवर बसवले. त्यांच्यामागून बाकीची मुले आली. एकच लांब ओळ झाली, अंगणाच्या टोकाला वळून पार फाटकापर्यंत गेली.

सुंद्राबाई उपरण्याखाली पळी घाली आणि वाढी. पहिल्या मुलाला भीत भीत थोडीशी वाढली, दहाव्याला जरा जास्त, पुढे तिचा हात रोजच्यासारखा मोकळा सुटला. मुलांनी पुन्हा मागितली, तिने पुन्हा वाढली. त्या दोन मुलींनी तीन वेळा घेतली, आणि शालनने त्यांच्याकडे पाहून तितक्याच वेळा. वाढपे, आचारी, जमलेली माणसे, सगळी जेवली. शेवटी महाराजांनी उपरणे काढले, तेव्हा पातेलीच्या तळाशी एका बाईपुरती खिचडी होती. ती सुंद्राबाईची.

दादासाहेब महाराजांच्या पायांवर वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"मी कुठं शिजवलं?" ते म्हणाले. "मीही इथं जेवणाराच."

दादासाहेब उठले. शाळेच्या मागे गेले, जिथे ती चूल अजून धुगधुगत होती. सुंद्राबाई अवघडून बाजूला सरली. तिच्याकडे बघून त्यांनी हात जोडले, गुडघे टेकले आणि चुलीपुढच्या सारवलेल्या जमिनीवर कपाळ ठेवले. उठले तेव्हा कपाळाला राख लागली होती. कुणीतरी पुसायला फडके पुढे केले. त्यांनी ते घेतले नाही. ती राख तशीच घेऊन ते भर गावातून घरी गेले.

मुक्ताराम महाराजांची कृपा भुकेल्या लेकरांवर आणि त्यांच्यासाठी चूल पेटवणाऱ्या प्रत्येक हातावर अखंड राहो.