फौजदारांचा चोरटा सिनेमा

निवृत्त फौजदार भगवंतराव शेडग्यांना तरुणपणचा एक सिनेमा पुन्हा पाहायची लहर आली. सून शलाकाने तो एका अ‍ॅपवर शोधून काढला. "मामंजी, इथे भाड्याने मिळतोय."

"भाड्याने?" मिशीवर ताव देत फौजदार गरजले. "शेडग्यांनी आजवर काही भाड्याने घेतलं नाही! कुठूनतरी फुकटची लिंक काढ."

बरं म्हणून शलाकाने तशी लिंक लावली. मग खिडक्या लावल्या, दाराला कडी घातली, दिवा मालवला आणि टीव्हीचा आवाजच बंद करून टाकला.

"अगं, ऐकू कसं येणार?"

"हळू बोला, मामंजी," शलाका कुजबुजली. "चोरून बघतोय ना आपण! चोर आवाज करत नाहीत, हे फौजदारांना मी सांगायचं?"

अंधारात फौजदार जरा खाकरले.

"दिवा लाव आधी. आणि ते भाड्याचं बघ."