पलीकडच्या काठासाठी चार कर्णे

एकदा एका नदीकाठच्या गावी ध्वनिक्षेपकाचा व्यवसाय करणारा एक वृद्ध राहत असे. त्याच्यापाशी एक शिष्य होता. शिष्य कामात कुशल होता, कष्टाळू होता, आणि चैत्रापासून दुःखी होता. त्याची पत्नी हौसा भांडून नदीपलीकडे माहेरी गेली होती. ‘तुमच्याशी बोलणं म्हणजे सभेला बसणं,’ एवढे एकच वाक्य तिने जाताना मागे ठेवले होते. होडी रोज पलीकडे जाई. शिष्य रोज काठापर्यंत जाई आणि परत फिरे. जिला हाक मारायची तिच्याकडे चालत जाणे पुरुषाला फार अवघड वाटते. त्यापेक्षा तो एखादे यंत्र जोडतो.

देवीची जत्रा आली. वृद्ध परगावी एका लग्नात अडकला होता. जाताना तो म्हणाला होता, “या अ‍ॅम्प्लिफायरला दोन कर्णे पुरे. जास्त लावू नकोस.” शिष्याने चार लावले, आणि चारही नदीकडे तोंड करून. देवळाच्या वाट्याला कर्ण्यांची पाठ आली. देवी समजूतदार होती. तक्रार आली नाही.

मग तो माइकपुढे बसला. “हॅलो... हॅलो... माइक टेस्टिंग... हॅलो.”

माइक एकदा तपासला की पुरतो. शिष्य सकाळपासून तपासत होता. प्रत्येक ‘हॅलो’नंतर तो थांबे आणि पलीकडच्या काठाकडे पाही. तिथे दगडांवर लुगडी वाळत होती. त्यांतले तिचे कोणते, हे एवढ्या लांबून ओळखू येत नव्हते. तरी तो एका हिरव्या लुगड्याकडे जरा जास्त वेळ पाही.

दुपारी जत्रेचा खर्च उचलणारे व्यापारी शेठ आले. देवीवर त्यांची श्रद्धा होती आणि आपल्या नावावर निष्ठा होती. शिष्याने घोषणा केली, “आपल्या गावचे दानशूर...” आणि आवाज गेला.

“अरे, दानशूर कोण?” शेठ ओरडले. “तुझा काका? लोक एकमेकांकडे बघताहेत!”

“फ्यूज उडाला, शेठ.”

“मग उडणार नाही असा घाल की!”

शिष्याने फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळली. यंत्र बिनतक्रार सुरू झाले. शेठ प्रसन्न झाले. प्रमुख पाहुणे न आल्यामुळे त्यांच्यासाठी आणलेली जरीची शाल शिल्लक होती. धूळ बसू नये म्हणून ती त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरला पांघरली. जत्रेतला तेवढाच सत्कार खऱ्या कष्टकऱ्याचा झाला, पण तो त्याच्या जिवावर बेतला. शिष्याने आवाज वाढवला. आवाज मोठा होईना, फाटू लागला. ‘हॅलो’ पत्र्यावर खिळा ओढल्यासारखे निघू लागले. त्याने आणखी वाढवला. शालीखालून जळका वास आला.

त्याच वेळी वृद्ध एसटीतून उतरून तिथे पोहोचला. त्याने यंत्र बंद केले. शाल काढून घडी घालून शेठच्या हाती दिली. दोन कर्ण्यांच्या तारा सोडल्या, अ‍ॅम्प्लिफायर दोन विटांवर ठेवला, जाड तार काढून केसासारखी बारीक तार बसवली. आणि मग यंत्र सुरू न करताच तो शेजारी मांडी घालून बसला.

“म्हातारबा, ही जत्रा आहे,” शेठ म्हणाले. “शोकसभा नाही.”

“निवू दे जरा, शेठ. नाहीतर शोकसभाच होईल.”

शेठ तणतणत देवळाकडे गेले. शिष्य हळूच म्हणाला, “अण्णा, ही बारीक तार पुन्हा तुटेल.”

“तुटावी म्हणूनच घातली,” वृद्ध म्हणाला. “ती तुटते तेव्हा यंत्र सांगत असतं, याहून जास्त मला झेपत नाही. तू त्याचं सांगणारं तोंडच बांधलंस. पाठीमागे हे पत्र्याचे दात आहेत ना, त्यांतून आतली ऊब बाहेर जाते. त्यांवर तुम्ही शाल घातलीत. प्रत्येक कर्णा याच्यातून ताकद ओढत असतो. चौघांनी ओढलं तरी हे देत राहतं आणि आतून जळत जातं. आणि ताकदीपलीकडे वाढवलेला आवाज पोहोचतो, पण त्यातला शब्द वाटेतच मरतो. पलीकडे जातो तो नुसता गोंगाट.” त्याने नदीकडे बोट केले. “चैत्रापासून तुझंही हेच चाललंय. जरा बंद हो.”

शिष्य म्हणाला, “बंद झालो तर तिला कळणार कसं, मी आहे म्हणून?”

वृद्ध अ‍ॅम्प्लिफायरवर तळहात ठेवून म्हणाला, “हे निवायला वेळ लागेल. होडी काठालाच आहे.”

शिष्य उठला. या वेळी काठावरून परत फिरला नाही. होडी निघाली. कित्येक महिन्यांत प्रथमच त्याच्या कानांत स्वतःचा आवाज नव्हता. वल्ह्यांचे पाणी ऐकू येत होते. पलीकडे कोणीतरी कपडे आपटत होते; मग तेही थांबले. एक बाई घाटाच्या पायऱ्या उतरून आली आणि डोळ्यांवर हात धरून इकडे पाहत उभी राहिली. तिचे लुगडे हिरवे नव्हते.

होडी टेकली. तो उतरला.

“बंद का पडलं?” हौसाने विचारले.

“तापलं होतं.”

“सकाळपासून नुसतं हॅलो, हॅलो. वहिनी म्हणाली, वेड लागलंय त्या माणसाला. मी कानांत बोळे घालून बसले होते. मग एकदम थांबलं. बोळे काढले तरी काही येईना. वाटलं, काही झालं की काय. म्हणून आले बघायला.” तिने मुठीतले बोळे खाली टाकले. “हॅलोच्या पुढं काही आहे का?”

होते. ते सांगायला इतका थोडा आवाज लागला की, हातभर अंतरावर दोर बांधत असलेल्या नावाड्यालाही ऐकू गेले नाही.