उपाशी गोधडी

एकदा काय झालं, एका राजाची झोप गेली. मऊ गादी होती, पिसांच्या उशा होत्या, पंखा हलवायला माणसं होती. झोप तेवढी नव्हती. मग कुणीतरी सांगितलं, डोंगराखालच्या गावात धुरपा नावाची बाई आहे, तिची गोधडी पांघरली की माणूस झोपतोच. राजानं पालखी धाडली.

धुरपाची रीत सरळ होती. घरातली जुनी लुगडी घ्यायची, थरावर थर घालायचे आणि कडेकडेनं टाके घालत आत जायचं. तीन कोपरे शिवायचे, चौथा उघडा ठेवायचा. मग ज्याची गोधडी, त्याच्या घरच्या चुलीवरचा भाकरीचा घास त्या कोपऱ्यात घालायचा आणि मगच तो मिटवायचा. गोधडी उपाशी ठेवायची नाही. उपाशी गोधडी ऊब देते, पण खाते, बरं का.

पालखी बघून धुरपाला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? हातात कसब असलेल्या बाईला बोलावणं आवडतं, त्यात लाजायचं काय? नवरा खंडू म्हणाला, जा. लेक गोदी एवढीशी, तिनं पदर धरला. धुरपानं पदर सोडवून घेतला आणि म्हणाली, "चार कोपरे शिवते नि येते."

मग तिनं राजाची गोधडी शिवली. मुदपाकखान्यातून भाकरी मागवून घास घातला. राजा असा घोरला की सज्ज्यातली कबुतरं उडाली. मग राणीला गोधडी हवी झाली. मग पाहुण्या राजांना. धुरपा वाड्याची मुख्य शिवणकरीण झाली. हाताखाली बायका आल्या, ताटात साजूक तूप आलं. गावात तिला सगळे 'ए धुरपे' म्हणायचे, इथं राजा 'धुरपाबाई' म्हणू लागला.

खंडूचा निरोप आला, गोदीचा पहिला दात पडलाय, बघायला ये. धुरपा म्हणाली, एवढा कोपरा झाला की आले. मग दुसरा निरोप आला, पोर रोज वेशीवर जाऊन बसते, ये. धुरपा म्हणाली, एवढा कोपरा झाला की आले. आता वाड्यातले कोपरे कधी संपतात का? एक मिटला की दुसरा तयार.

मग दसरा आला. राजाला नवी गोधडी हवी, तीही तातडीनं. कारभारी म्हणाला, भाकरीचे तुकडे कसले भरता, राजाच्या अंथरुणात मुंग्या होतील, शिवा आणि मोकळ्या व्हा. धुरपानं रीत सांगितली. तो म्हणाला, मग दुसरी कुणी बघू का? धुरपानं कोपरा रिकामाच शिवला. टाके सुबक आले. कुणाला काही कळलं नाही.

त्याच दिवशी उरलेल्या कापडातून तिनं गोदीलाही एक शिवली. तिच्या कोपऱ्यात घरचा घास हवा आणि घर तर लांब. मग तोही कोपरा तिनं तसाच मिटवला आणि गाडीवानाबरोबर गोधडी गावी धाडली. स्वतः जायच्या जागी गोधडी.

मग त्या गोधड्या खायला लागल्या.

आधी राजाचं हसू गेलं. मग तो राणीचं नाव विसरला. मग एका सकाळी मुकुटाकडे बोट दाखवून म्हणाला, हे कुणाचं आहे? वैद्य आले, काढे झाले, कुणाला काही उमगेना. धुरपाला ठाऊक होतं. पण बोलली तर मोठेपण जाणार, कदाचित डोकंही. ती टाके घालत राहिली.

मग गाडीवान गावाकडून आला. या खेपेला खंडूनं 'ये' म्हटलंच नव्हतं. गाडीवान म्हणाला, "गोदी आता वेशीवर बसत नाही, बाई. आई म्हणजे कोण, असं विचारते."

धुरपानं सुई खाली ठेवली आणि तडक दरबारात गेली.

"महाराज, तुमच्या गोधडीचा कोपरा मी उपाशी शिवला. मला ठाऊक होतं, तरी शिवला."

कारभाऱ्याचं नाव तिनं घेतलं नाही. शिवताना सुई तिच्याच हातात होती ना.

राणी म्हणाली, मग आता भरव तिला. धुरपा म्हणाली, एकदा उपाशी राहिलेल्या गोधडीला दुसऱ्याच्या हातचं चालत नाही. जो पांघरतो त्यानं भरवायचं. पोर लहान असेल तर आईनं. राणी म्हणाली, मग थांब आणि राजांना शिकव.

"पीठ, पाणी, तवा. तुमची भाकरी तुम्ही थापा, महाराज. माझी मला थापायचीय."

आणि ती निघाली. तिला अडवा म्हणायचं असतं, हे राजा विसरून गेला होता.

घरी गोदी ओट्यावर बसली होती, पांघरुणात गुरफटून. म्हणाली, "तुम्ही कोण, बाई?" धुरपानं पदर खोचला. चूल पेटवली, पहिली भाकरी घाईघाईनं थापली, ती कच्ची राहिली. कोपरा उसवून घास घातला, गोधडीनं थुंकून टाकला. दुसरी तव्यावर असताना धुरपाचे कान रस्त्याकडे, राजाची माणसं आली की काय. ती करपली. तीही गोधडीनं थुंकली. मग धुरपा मांडी घालून बसली आणि तिनं नुसती भाकरी केली. तिसरी टम्म फुगली. गोधडीनं घास गिळला.

गोदीनं डोळे चोळले. म्हणाली, "आई, दात बघ ना. नवा आला पण."

तिकडे राजानंही भाकरी केली, वाकडी आणि एका बाजूनं काळी. गोधडीला चालली. राजाचं हसू परत आलं, मग राणीचं नाव, मग मुकुट. मग त्यानं पालखी धाडली. धुरपानं ती रिकामी परत पाठवली आणि सांगितलं, कापड इकडे धाडा, घास बरोबर धाडा, आणि घाई असेल तर दुसरीकडे जा. कारभाऱ्यानं दुसरी शिवणकरीण ठेवली. साजूक तूप तिला गेलं. धुरपाला त्या तुपाची आठवण यायची, नाही असं नाही. पण राजाची स्वतःची गोधडी मात्र धुरपाच्या ओसरीवरच शिवली जायची, गोदी दोरा ओवून द्यायची, आणि लोक तिला पुन्हा 'ए धुरपे' म्हणायचे.

अशी ती सगळी सुखानं राहिली. तुमच्या गोधडीचा कोपरा भरलेला आहे, मीच भरलाय. आता पाय आत घ्या आणि झोपा.